संत्र्याचे मेसेज रेजेक्सला आवरेनात

प्रश्न : माझ्या काकांचा कळमना मार्केटात संत्र्याचा व्यवहार आहे. रोज व्हॉट्सअॅपवर हिशेब येतो. उदाहरणार्थ, 'आंबिया: मोठा ४० कॅरेट ६५०, बारीक २५ कॅरेट ३०० (५ खराब)'. यात आंबिया हा बहार. कोणी किलोत लिहितो, कोणी इंग्रजी आकड्यांत. एक जण तर कंसात कंस घालतो, '(५ खराब (२ परत))'. हे मेसेज वाचायला मी पायथॉनमध्ये रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधायची सूत्रं) लिहून राहिलो, पण आता ते माझं मलाच वाचता येत नाही. सीनियर म्हणतो, पार्सर कॉम्बिनेटर वापर. ते काय असतं? आणि एवढ्याशा कामाला ते जास्त नाही का होणार?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नंदनवन, नागपूर

उत्तर : नाही होणार. उलट तुझं रेजेक्सच आता कामापेक्षा मोठं झालंय. कंसात कंस, त्यात पुन्हा कंस, कितीही खोल. हे पायथॉनच्या नेहमीच्या रेजेक्सला मुळातच जमत नाही. तू त्यात आणखी चार उभ्या रेघा (रेजेक्सचं 'हे किंवा ते') घातल्यास तरी जमणार नाही.

पार्सर म्हणजे इथे एक साधं फंक्शन समज. त्याला मजकूर द्यायचा. ते दोन गोष्टी परत देतं, काय सापडलं आणि किती मजकूर उरला. नाही जमलं तर तसं सांगतं. 'संख्या' नावाच्या पार्सरला '४० कॅरेट' दिलं की चाळीस हाती येतात आणि 'कॅरेट' उरतं. कॉम्बिनेटर म्हणजे असे पार्सर घेऊन नवा पार्सर बनवून देणारं फंक्शन. 'नंतर' एकामागून एक लावतं, 'किंवा' पहिला फसला तर दुसरा लावतं, 'अनेक' जमेल तितक्या वेळा लावतं. अजनी यार्डात कुठलाही डबा कुठल्याही डब्याला लागतो, कारण कपलिंग सारखं. इथेही तेच: जोडून जे तयार होतं तेही पार्सरच, म्हणून ते पुन्हा जोडता येतं.

आमच्या आयटी पार्कातल्या ऑफिसात नवीन पोरांना मी लायब्ररीला हात लावू देत नाही. आधी हे तीन-चार कॉम्बिनेटर स्वतः लिहा म्हणतो. प्रत्येक जेमतेम पाच-दहा ओळींचा होतो. मग तुझा हिशेब असा उतरतो (पायथॉनला मराठी नावं चालतात, बिनधास्त वापर; 'ऐच्छिक' म्हणजे असलं तर घे, 'यादी' म्हणजे मधे स्वल्पविराम असलेल्या नोंदी):

एकक = किंवा(शब्द("कॅरेट"), शब्द("किलो"))
नग = नंतर(संख्या, एकक)
नोंद = नंतर(आकार, नग, संख्या, ऐच्छिक(कंस))
हिशेब = नंतर(बहार, चिन्ह(":"), यादी(नोंद, चिन्ह(",")))

काकांना मोठ्याने वाचून दाखव; चुकलं असेल तर तेच सांगतील. रेजेक्सबाबत ही सोय नसते. मोकळ्या जागेचा एक नियम मात्र आधीच ठरव: शब्द, चिन्ह आणि संख्या यांनी आपल्या मागची जागा स्वतःच गिळायची. नाहीतर प्रत्येक ओळीत 'मोकळी जागा' पेरत बसशील.

कंसाची व्याख्या स्वतःलाच बोलावते: उघडा कंस, शेरा, असलाच तर आतला कंस, मग बंद कंस. पायथॉनमध्ये हे सरळ लिहिलंस तर 'कंस हे नाव अजून माहीत नाही' म्हणून एरर येईल, कारण उजवी बाजू आधी मोजली जाते. आतला उल्लेख एका छोट्या फंक्शनमध्ये गुंडाळ, म्हणजे नाव गरज पडेल तेव्हाच शोधलं जाईल. पायपार्सिंग लायब्ररीत याच कामाला 'फॉरवर्ड' आहे. हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत हा प्रश्न येत नाही, ती भाषाच आळशी आहे, गरज पडेपर्यंत काही मोजतच नाही.

आता जिथे लोक खरे अडकतात ते सांगतो. 'किंवा'मध्ये क्रम महत्त्वाचा. कोणी 'कॅ' असं तोकडं लिहीत असेल आणि तू 'कॅ' आधी ठेवलंस, तर 'कॅरेट'मधलं 'कॅ' उचलून तो खूश होईल आणि 'रेट' पुढच्याच्या गळ्यात पडेल. लांब शब्द आधी. दुसरं, 'संख्या मग कॅरेट' किंवा 'संख्या मग किलो' असे दोन पर्याय करू नकोस. डान लेइयेन आणि एरिक मेयर यांच्या पार्सेक या हॅस्केलच्या लायब्ररीत (२००१) पहिल्या पर्यायाने थोडा जरी मजकूर खाल्ला आणि मग फसला, तर दुसरा पर्याय बघितलाच जात नाही. 'ट्राय' लावून 'मागे येऊन दुसराही बघ' असं मुद्दाम सांगावं लागतं. 'ट्राय' सगळीकडे शिंपडणारे मी पाहिलेत, मग एरर भलत्याच जागेची येते. वर 'नग' लिहिलाय तसा सामाईक भाग बाहेर काढ.

आणि मराठी मजकुराची गोम. तुझ्या रेजेक्समध्ये बहारासाठी '\w+' (म्हणजे सलग अक्षरं-आकडे) नाही ना? पायथॉनच्या नेहमीच्या रेजेक्सला मात्रा आणि अनुस्वार ही अक्षरं वाटत नाहीत. 'आंबिया'चे आ, ब, य असे तीन तुकडे पडतील. हॅस्केलमधला 'लेटर' पार्सरही 'आ'पाशीच थांबतो. म्हणून अक्षर हा पार्सर स्वतः लिही: युनिकोडमध्ये अक्षर (लेटर) किंवा मात्रा-अनुस्वारांचा 'मार्क' या गटातलं काहीही चालेल. आकड्यांत पायथॉन बरा, ४० मराठीत असो की इंग्रजीत, मजकुराची संख्या करणारं 'इंट' दोन्ही समजतं. पार्सेकचा 'डिजिट' मात्र आपला ४ नाकारतो.

शेवटी प्रत्येक पार्सरला नाव चिकटव. मेसेज फसला की 'इथे कॅरेट किंवा किलो हवं होतं' असं मराठीत दिसू दे. मुनीमजी स्वतः दुरुस्त करतील, तुला रात्री फोन येणार नाही.

प्रश्न : हे सगळं नवीन फॅड आहे का? आणि यासाठी हॅस्केल शिकावंच लागेल का?
— एक वाचक, अमरावती रोड

उत्तर : फॅड कसलं! विल्यम बर्ज यांच्या १९७५च्या पुस्तकात ही कल्पना आहे. फिलिप वॉडलर यांनी १९८५मध्ये अपयशाऐवजी यशांची यादी परत करायची युक्ती मांडली. यादी रिकामी म्हणजे जमलं नाही. ग्रॅहम हटन यांचा याच विषयावरचा निबंध १९९२चा. हॅस्केल आलं तर हे निबंध वाचायला मजा येते, पण सक्ती नाही. पायथॉनला पायपार्सिंग, रस्टला नॉम, एफ-शार्पला एफपार्सेक आहे. स्कालात तर हे प्रमाण लायब्ररीतच होतं, २.११पासून वेगळ्या मॉड्यूलमध्ये हलवलं. जी भाषा रोज हातात आहे तिच्यातच करा. फक्त नियम लिहिताना 'बेरीज म्हणजे बेरीज अधिक संख्या' असं डावीकडून स्वतःलाच बोलावू नका. साधा कॉम्बिनेटर एक अक्षरही न वाचता स्वतःलाच हाका मारत बसतो. 'संख्या, आणि मग अधिक-संख्या अनेक वेळा' असं लिहा.