लष्करी कोर्टात झालेली शिक्षा फौजदारी कोर्टात ‘आधीची शिक्षा’ धरतात का?

कोर्ट मार्शल झालं की माणूस कायमचा सजायाफ्ता, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. ज्याने सांगितलं त्याला आधी विचारा, कलम कुठलं होतं? सगळं तिथेच ठरतं.

माझा मोठा भाऊ पायदळात होता. आई अंथरुणाला खिळली, रजा संपली, तरी तो थांबला. परत गेल्यावर आर्मी अ‍ॅक्ट १९५०, कलम ३९(ब), समरी कोर्ट मार्शल, म्हणजे पलटणीतच झटपट चालणारा लष्करी खटला. त्यात सीओ, म्हणजे पलटणीचा प्रमुख अधिकारी, एकटाच न्यायाधीश. आणखी दोघे बसतात, पण निकालात त्यांचं मत नसतं. सीओ लेफ्टनंट कर्नल असेल तर वर्षभरापर्यंत कैद देऊ शकतो. दादाला कैद झाली, वर डिसमिस.

पुढे गावात बांधावरून मारामारी झाली, भादंवि ३२६ (धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत) लागलं. जामिनाला सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, आला: आरोपीस यापूर्वी शिक्षा झालेली असून तो गुन्हेगारी वृत्तीचा आहे. ही माहिती पोलिसांना समोरच्या पार्टीने पुरवली होती. आमच्या वकिलांनी शिक्षेचा कागदच कोर्टापुढे ठेवला. आरोप एका ओळीचा होता, रजेपेक्षा जास्त दिवस राहिला. न्यायाधीश साहेबांनी तो वाचला आणि सरकारी वकिलांना विचारलं, यात गुन्हेगारी वृत्ती कुठे आली? जामीन झाला. दादाचा हात मात्र सुनावणीभर माझ्या मनगटावर घट्ट होता. पलटणीत राहिलेला माणूस, पण त्या एका वाक्याने पार खचला होता.

तर तुमचं उत्तर. गैरहजेरी, पळून जाणं, हुकूम न मानणं, पहाऱ्यावर झोपणं हे फौजेच्या शिस्तीचे गुन्हे आहेत. आधीच्या शिक्षेमुळे शिक्षा वाढवणारं कलम पूर्वी भादंवि ७५ होतं, आता न्याय संहितेचं कलम १३ आहे. त्यात फक्त नाणी-नोटा, सरकारी स्टॅम्प आणि मालमत्तेचे गुन्हे बसतात, तेही तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेचे. रजा ओलांडणं त्यात येतच नाही. आर्मी अ‍ॅक्टच्याच कलम ६९ खाली शिक्षा झाली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे साध्या कायद्यातलाच गुन्हा लष्करी कोर्टाने चालवलेला असतो आणि तो कुठलं कोर्ट हलक्यात घेणार नाही. त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला मात्र चालत नाही. तशी वाट ठेवणारं आर्मी अ‍ॅक्टचं कलम १२७ १९९२ मध्येच काढून टाकलं. आणि कलम ८० खाली सीओने २८ दिवस आत ठेवलं असेल तर ते कोर्ट मार्शलच नाही.

पासपोर्टचंही तसंच. गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची कैद झाली असेल तर तिथे अडतं.

एक राहिलं, फॉर्ममध्ये कोर्ट मार्शलबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा. लपवलंत तर नोकरी त्या खोटेपणावर जाईल. जनरल किंवा डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल (समरीपेक्षा वरची लष्करी कोर्टं) असेल तर आधी निकालाची नक्कल मिळवा, मग वकील गाठा.

आणि घरात कुणी टोमणे मारत असेल तर गप्प बसू नका. आमचे दाजी पुतणीच्या सोयरिकीत पाहुण्यांसमोर म्हणाले, ‘हा जेलमध्ये जाऊन आलेला.’ दाजी, न्याय संहिता घ्या आणि आईच्या उशाशी जास्त दिवस बसणं हा गुन्हा तिच्यात कुठल्या कलमात आहे ते दाखवा.