पर्जन्यवृक्षाचा पहिला नमुना

झाडांचे दाबून वाळवलेले नमुने जमवायला पर्जन्यवृक्षापासून सुरुवात करताय, छानच! झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, म्हणून मुंबईतल्या नोंदीत सर्वांत मोलाचं काय, तर ते लावलेलं की आपोआप उगवलेलं. नवखे नेमकं हेच विसरतात आणि ठिकाण म्हणून नुसतं 'दादर' लिहून मोकळे होतात. रस्ता, जवळची खूण, तारीख, उंची, फुलाचा रंग झाडाखालीच टिपा. वाळल्यावर गुलाबी उडतो.

परवानगी घेऊन फुलांसकट ३० सेंटिमीटरची डहाळी सकाळीच काढा, तिथेच वर्तमानपत्रात दाबा. उशीर झाला की पानं मिटतात, मग ती नीट उलगडत नाहीत. एक पान उलटं ठेवा. कागद रोज बदला, पावसाळ्यात दोनदा, नाहीतर बुरशी धरतेच.

वाळलेला नमुना कागदावर चिकटवणं, शिवणं नंतर बघू.