जुना पटर बफिंगला द्यावा का?

प्रश्न : मामांच्या कपाटात गोल्फचा जुना पटर (चेंडू हलकेच ढकलून खळग्यात घालायची काठी) सापडला. डोकं काळपट-हिरवं पडलंय, दांड्यावर गंजाचे ठिपके आहेत, ग्रिप दगडासारखी कडक झाली आहे. त्याने खेळायचंही आहे. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत बफ मारून (फिरत्या चाकावर घासून चकाकी आणून) घेऊ का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : नको, निदान धातू ओळखेपर्यंत तरी नकोच. आधी डोक्याला लोहचुंबक लावा. चिकटला तर पोलाद, त्यावर बहुधा क्रोमचा मुलामा. नाही चिकटला आणि रंग पिवळसर असेल तर पितळ किंवा ब्राँझ. जुने ‘बुल्स आय’ पटर पितळी असत. पिंग कंपनीच्या १९६०च्या दशकातल्या ‘अँसर’ची डोकी मँगनीज ब्राँझची. तुमचा तसला निघाला तर तपकिरी थर तसाच ठेवा, जाणकार त्यालाच मोल देतात.

बफचं चाक कडा गोल करतं, अक्षरं पुसट करतं आणि फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, सगळीकडे सारखा घासत नाही. फेसला एकदा गोलाई आली की चेंडू सरळ सुटत नाही, आणि झिजलेला धातू परत येत नाही. स्टीलची पट्टी फेसवर उभी धरून उजेडाकडे बघा. फट दिसली नाही तर फेसला हातच लावू नका.

हिरवा थर मात्र काढा : कोमट साबणपाणी, मऊ टूथब्रश, अक्षरांच्या खाचांत बांबूची काडी. देवाच्या भांड्यांसारखं चिंचेने घासू नका. आंबट जास्त वेळ राहिलं की पितळेच्या वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि तांबूस डाग पडतात.

खरा धोका दांड्यात आहे. आधी पटरची लांबी मोजून ठेवा, मग ग्रिप चिरून काढा. गंज तिच्याखालीच लपतो. वरवरचे ठिपके ०००० नंबरच्या स्टील वूलने, थेंबभर तेल लावून जातात. पण डोक्यात दांडा शिरतो तिथे नखाला खड्डा लागला तर दांडा बदलाच, तुटतो तो तिथेच. आडवी पिन असल्यास ती आधी ठोकून काढा, मग हॉट एअर गनने आतला इपॉक्सी गोंद मऊ करून डोकं ओढा. गॅसची ज्योत नको, पितळेचा रंग जातो. नवी इपॉक्सी २४ तास हलवू नका. पावसाळ्यात दोन दिवस थांबलेलं बरं.

नवी ग्रिप दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर टर्पेंटाइन ओतून चढवा. तिची सपाट बाजू फेसशी अगदी काटकोनात हवी. पटर जमिनीवर टेकवून, वरून बघून पहिल्या दोन-चार मिनिटांतच ती फिरवून घ्या.