ग्रहणात सफरचंद चिरलं म्हणून बाळाला गाठ आली का?

एप्रिल २०२४, सकाळचे साडेअकरा, ओपीडीतला पंखा नुसती गरम हवा फिरवतोय आणि समोर बसलेल्या आईच्या मांडीवरच्या बाळाला लोकरीचं टोपडं. तेही असं खाली ओढलेलं की डावा डोळा दिसूच नये. मी लहान मुलांच्या स्किन ओपीडीत समुपदेशक म्हणून बसते त्यामुळे ही टोपडी, दुपटी, बोटांपर्यंत ओढलेल्या बाह्या आता ओळखीच्या झाल्यात, जिथे कापड जास्त तिथेच डाग असतो. म्हटलं, "बाळाला उकडतंय गं, टोपडं काढ ना जरा." तिने आधी सासूकडे बघितलं आणि मग काढलं.

डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर लालभडक गाठ, करवंदाएवढी, वरून बारीक दाणेदार. पापणी जड होऊन निम्मी खाली आलेली. उजवा डोळा पंख्याकडे टकामका बघतोय आणि डाव्याला बिचाऱ्याला फटीतून जेवढं दिसेल तेवढंच.

नाव-गाव सांगत नाही, काही तपशील बदललेत, बाळाला छकुली म्हणूया. आठ आठवड्यांची मुलगी, ३५व्या आठवड्यात झालेली, जन्माचं वजन १ किलो ९००. सातारा जिल्ह्यातलं कुटुंब, बाबा गाडीवर ड्रायव्हर, सोबत आजी. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा हिमँजिओमा आहे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी भराभर वाढून झालेली गाठ, कॅन्सर नाही, पण जागा वाईट आहे, डोळ्यांच्या डॉक्टरांना आजच दाखवा आणि औषध लगेच सुरू करू. मग त्यांना माझ्याकडे पाठवलं.

आजी पाणी आणायला उठल्या आणि तेवढ्या दोन मिनिटांत आई एकदम म्हणाली, "मॅडम, हे माझ्यामुळे झालंय का?"

मी म्हटलं सांग काय ते. तर गोष्ट अशी, २०२३ ची कोजागिरी, २८ ऑक्टोबर. आठवत असेल तर त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं, वेध असल्यामुळे लोकांनी मसाला दूध लवकर उरकलं किंवा घेतलंच नाही. ही तेव्हा पाचव्या महिन्यात. दुपारपासून हिला काही खायला दिलं नव्हतं, रात्री दीडच्या सुमारास पोटात कालवायला लागलं म्हणून उठली, अंधारात सफरचंद चिरलं आणि उभ्या उभ्या खाल्लं. सासूबाईंनी सुरीचा आवाज ऐकला. तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण बाराव्या दिवशी पापणीवर लाल रेघ दिसल्यावर बोलल्या, आणि त्यानंतर रोजच बोलत होत्या. "आत्या म्हणतात सुरी लागली बाळाला." आत्या म्हणजे सासूबाईच. हे सांगताना ती रडत नव्हती, हे मला जास्त लागलं. तिने ते मान्यच करून टाकलं होतं.

मी अशा वेळी "असं काही नसतं, अंधश्रद्धा आहे" म्हणून मोकळी होत नाही. ज्या घरात तिला परत जायचंय तिथे माझं हे वाक्य तिच्या काही उपयोगाचं नाही, तिच्या हातात दाखवण्यासारखं काहीतरी पाहिजे. मी तिचा मोबाईल मागितला. गॅलरीत जन्मापासूनचे फोटो होतेच. पहिल्या दिवसाचा फोटो, पापणी स्वच्छ, काही नाही. बारशाचा फोटो झूम केला तर नखाने ओरखडल्यासारखी फिकट लाल रेघ. महिन्याच्या फोटोत टिकली. सहाव्या आठवड्यात वाटाणा. त्यानंतर फोटोच नाहीत, टोपडं आलं. आजी पाणी घेऊन आल्यावर त्यांनाही शेजारी बसवून हेच फोटो एकेक करून दाखवले आणि विचारलं, आजी, सुरी लागली असती तर जखम घेऊनच आली असती ना पोर, ही तर कोरी आली आणि गाठ नंतर आली. आजी बराच वेळ पहिल्या दिवसाचा फोटो बघत राहिल्या.

मग मला जे माहीत आहे ते सांगितलं. शंभर बाळांत साधारण चार-पाच जणांना हे होतं, ग्रहण असो नसो. मुलींमध्ये जास्त, वेळेआधी झालेल्या, वजनाने कमी असलेल्या, जुळ्या बाळांमध्ये जास्त, आणि छकुली यातल्या तीन गोष्टींत बसते, मुलगी, ३५ आठवडे, १९०० ग्रॅम. आईने काय खाल्लं, काय चिरलं, कुणाचं तोंड बघितलं याचा संबंध नाही. त्या रात्री पोटात बाळ असताना उपाशी बाईने सफरचंद खाल्लं, बरंच केलं, हे मी आजींसमोर मुद्दाम मोठ्याने म्हटलं.

आता दुसरा प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त विचारला जातो. बाबा म्हणाले, "पण मॅडम, गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आपोआप जातो, चार-पाच वर्षं थांबा. मग ही घाई कशाला?"

ते डॉक्टर चुकीचं बोलले असं नाही, अर्धं बोलले. हिमँजिओमा आपोआप ओसरतो हे खरंच आहे, साधारण वर्षाच्या आसपास तो उतरणीला लागतो, लाल रंगात करडेपणा येतो, मऊ पडतो, आणि बहुतेकांचा चार वर्षांपर्यंत जेवढा ओसरायचा तेवढा ओसरलेला असतो. पण ओसरण्याआधी तो वाढतो आणि तेही फार घाईने. सगळ्यात जोराची वाढ पाचव्या ते सातव्या आठवड्यात, आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत बहुतेक गाठी आपल्या पूर्ण आकाराच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत पोचलेल्या असतात. म्हणजे आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात, घराबाहेर पडत नाहीत, नेमक्या त्याच दिवसांत आणि त्याच्या पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ही गाठ आपलं काम करून घेते. पाठीवर, दंडावर छोटासा असेल तर खुशाल बघत बसा, दर पंधरा दिवसांनी एक फोटो काढा, बास. पण पापणीवर असेल तर त्या महिन्यांत डोळ्याला नीट बघायलाच मिळत नाही, गाठीच्या दाबाने नंबर वाकडा येतो, मेंदू त्या डोळ्याकडून काम घेणं सोडून देतो आणि डोळा आळशी होतो. पुढे चार वर्षांनी गाठ गेली तरी गेलेली नजर आपोआप येत नाही.

हे मी इतकं कळकळीने सांगते त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका आईला मीच "काळजी करू नका, जातं आपोआप" म्हणून घरी पाठवलं होतं, लंगोटाच्या जागी होती गाठ, छोटीच वाटत होती. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा गाठ फुटून जखम झाली होती, लघवी लागली की पोरगं किंचाळायचं. तेव्हापासून मी आधी जागा विचारते आणि मगच तोंड उघडते. डोळा, नाकाचा शेंडा, ओठ, कान, लंगोटाची जागा, मुलीच्या छातीवर, यातलं काही असेल तर थांबायचं नाही. हनुवटी आणि गळ्यावर पसरलेला लाल चट्टा असेल आणि बाळ श्वास घेताना आवाज करत असेल तर त्याच दिवशी दवाखाना, कारण आत श्वासनलिकेतही असू शकतो. कमरेच्या खाली मणक्यावर असेल किंवा चेहऱ्याचा मोठा भाग व्यापलेला असेल तर आतल्या तपासण्या लागतात, आणि अंगावर पाच किंवा जास्त असतील तर पोटाची सोनोग्राफी करून लिव्हर बघतात. आणि जन्मतःच असलेला, सपाट, जांभळट डाग ही वेगळी गोष्ट, तो असा वाढत नाही आणि असा जातही नाही, त्याला हिमँजिओमा समजून वाट बघू नका.

औषधाचं नाव ऐकल्यावर बाबा बाहेर जाऊन मोबाईलवर बघून आले आणि लालबुंद होऊन परत आले. "ही तर बीपीची गोळी आहे! आठ आठवड्यांच्या बाळाला?" बरोबर आहे, प्रोप्रॅनोलॉल हे बीपीचं, हृदयाचंच औषध. मी त्यांना बसवून सगळी हकीकत सांगितली. फ्रान्समध्ये बोर्डो शहरात एका बाळाच्या चेहऱ्यावरच्या हिमँजिओमासाठी स्टिरॉइड चालू होतं, त्यानं हृदयावर परिणाम झाला म्हणून डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी गाठीचा रंग बदलायला लागला, ती मऊ पडली. डॉ. क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००८ साली छापलं आणि जगभर उपचार बदलला. पुढे ४६० बाळांवर रीतसर अभ्यास झाला, सहा महिने पूर्ण डोस मिळालेल्या शंभरातल्या साठ बाळांची गाठ पूर्ण किंवा जवळजवळ गेली, नुसतं गोड पाणी मिळालेल्यांत हाच आकडा चार. गाठ पातळ आणि वरवरची असेल तर काचबिंदूसाठी वापरतात ते टिमोलॉलचे थेंब नुसते वरून लावूनही भागतं, पण ते छकुलीला पुरलं नसतं. "कापून टाका की" असं आजी म्हणाल्या, तर या वयात ती गाठ म्हणजे रक्ताचा स्पंजच असतो, त्यामुळे सुरीचं नाव फार क्वचित काढतात, पुढे मागे लोंबणारी त्वचा उरली तर तेव्हा बघतात.

छकुली वेळेआधीची आणि लहान म्हणून औषध ॲडमिट करून सुरू केलं, हृदय, नाडी, बीपी, शुगर बघत. घरी जाताना मी आईला जे समजावलं ते लिहून ठेवते, कारण कुठलंही औषध द्यायला चुकण्याची भीती आईला असते, इथे कधी द्यायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. डोस वजनावर डॉक्टरच ठरवणार आणि वजन वाढलं की बदलणार. दूध पाजताना किंवा पाजल्याबरोबर द्यायचं, उपाशीपोटी कधीच नाही कारण साखर उतरते. बाळ दूध पीत नसेल, उलट्या जुलाब चालू असतील, छातीत घरघर असेल तर तो डोस द्यायचा नाही आणि फोन करायचा. डोस ओकून टाकला तर परत द्यायचा नाही. बाळ घामाघूम, गार, मलूल झालं तर, जागं असेल तर दूध पाजत, आणि उठवून उठेना तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. सिरिंजवर पेनाने केलेली खूण दोन दिवसांत पुसते म्हणून आमच्या सिस्टरने लाल नेलपॉलिशची बारीक रेघ मारून दिली, तेवढ्यापर्यंतच ओढायचं. गाठीतून रक्त आलं तर स्वच्छ कापड दहा मिनिटं न उचलता दाबून धरायचं. आणि बिब्बा, चुना, चटका यातलं काहीही नाही, शेजारणीने कितीही शपथेवर सांगितलं तरी नाही.

ॲडमिट असतानाच दुसऱ्या दिवशी दुपारी आजी एकट्याच माझ्या खोलीत आल्या. दार लोटून घेतलं. कनवटीतून चार घड्या घातलेला कागद काढला आणि म्हणाल्या, "ताई, त्या डाक्टरनी पोरीचं जे नाव घेतलं ना, तेच माझ्या कागदावर हाय. म्या पोरास्नी सांगितलं न्हाई. माझ्यातनंच गेलंय का तिला?"

सोनोग्राफीचा रिपोर्ट होता, गॅसेसच्या त्रासासाठी चार महिन्यांपूर्वी केलेली. लिव्हरमध्ये २.८ सेंटिमीटरचा हिमँजिओमा. शेजारच्या कॉलेजच्या पोराकडून वाचून घेतलं होतं, त्याने सांगितलं लिव्हरमध्ये रक्ताची गाठ आहे. चार महिने ही बाई रात्रीची जागी, कुणाला न सांगता, मरणाची वाट बघत. आणि दिवसा सुनेला सफरचंदावरून बोलत होती. मला तिचा राग येत होता तो तिथेच संपला.

मी त्यांना घेऊन आमच्या फिजिशियनकडे गेले. त्यांनी जे सांगितलं ते बऱ्याच जणांच्या कामाचं आहे, कारण हल्ली सोनोग्राफी वाढल्यात आणि हा शब्द खूप रिपोर्टात दिसतो. मोठ्या माणसांच्या लिव्हरमधली ही सगळ्यात जास्त आढळणारी साधी गाठ, बायकांमध्ये जास्त, तिचा कॅन्सर होत नाही, छोटी असेल आणि त्रास नसेल तर औषध नाही, ऑपरेशन नाही, पथ्य नाही. चित्र नेहमीसारखं दिसत नसेल किंवा आधीचा लिव्हरचा आजार, कॅन्सर असेल तरच सीटी किंवा एमआरआय करून खात्री करतात, सुई घालून तुकडा काढणं शक्यतो टाळतात कारण रक्तस्राव होऊ शकतो. फार मोठी होऊन दुखायला लागली तर वेगळा विचार. पाठीच्या एमआरआयमध्ये मणक्यात दिसणारा हिमँजिओमा बहुतेक वेळा असाच, दुसऱ्याच कशासाठी केलेल्या तपासणीत सापडलेला. वयानुसार पोटावर, छातीवर येणारे लाल तीळ तेही याच गोत्रातले आणि निरुपद्रवी, फक्त एखादा डाग पटकन बदलला, वाढला, वारंवार रक्त यायला लागलं तर दाखवायचा. आणि बाळाची गाठ वेगळी, आजीची वेगळी, नाव एक म्हणून रोग एक नाही. आजीकडून नातीला गेलेलं नाही.

आजींनी दोनदा विचारलं, "म्हंजी माझ्यामुळं बी न्हाई?" नाही. "आन् तिच्यामुळं बी न्हाई?" नाही आजी.

वॉर्डात परत जाऊन त्या सुनेशी काय बोलल्या मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. पण संध्याकाळी राउंडला गेले तेव्हा टोपडं पिशवीत होतं.

पुढचं थोडक्यात. दोन दिवसांतच गाठीचा लालभडकपणा कमी झाला, तीन आठवड्यांत पापणी उघडली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायला सांगितली, ती या आईने घड्याळ लावून केली. औषध वर्षाची होईपर्यंत चाललं, बंद केल्यावर महिन्याभरात थोडी लाली परत आली म्हणून अजून दोन महिने दिलं, असं काही बाळांत होतं, घाबरायचं नाही. आता पापणीवर थोडी सैल त्वचा आणि दोन-तीन केसासारख्या लाल रेषा आहेत, जवळून बघितलं तरच दिसतात. नजर दोन्ही डोळ्यांची चांगली. आजींची गाठ पुन्हा केलेल्या सोनोग्राफीत होती तेवढीच.

सप्टेंबर २०२५ मध्ये आजींचा फोन आला. सून परत गरोदर, चौथा महिना, आणि रविवारी ७ तारखेला पुन्हा चंद्रग्रहण, तेही खग्रास. मला वाटलं झालं, परत तेच. तर म्हणाल्या, "ताई, तिच्या हातात सुरी काय देत न्हाई म्या, माझ्या जिवाला ऱ्हावत न्हाई. पर भूक लागली तर मीच चिरून देते सफरचंद, रातीला कितीबी वाजूदेत. चालंल न्हवं?"

चालेल म्हटलं.