नदी-ओढ्यांचा डिजिटल नकाशा काढला, पण तो बरोबर आहे हे तपासायचं कसं?

प्रश्न असा आहे: "मी भूगोलात एमए करतोय, दिंडोरीकडचा आहे. उपग्रहचित्र खाली ठेवून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्या भागातल्या नद्या-ओढ्यांच्या रेषा काढल्या. दिसायला छान दिसतात. पण सर म्हणाले, 'क्वालिटी चेक करून आण.' म्हणजे नेमकं काय करायचं?"

'छान दिसतात' हेच वाचून मी थोडा दचकलो. नाशिकमध्ये बसून बरीच वर्षं हेच काम करतोय, आणि मला सगळ्यात जास्त रडवलंय ते छान दिसणाऱ्या नकाशांनीच.

रेषा कुठे जराशी तुटली असेल तर आपले डोळे ती आपोआप जोडून घेतात. सॉफ्टवेअर जोडत नाही. त्याच्या लेखी नदीची रेषा म्हणजे पाइपलाइन. जोड सुटला की पाणी तिथेच संपलं. म्हणून माझी परीक्षा एकच असते, वरच्या टोकाला पाणी सोडायचं आणि ते कुठे पोचतं ते बघायचं. क्यूजीआयएसमध्ये 'फ्लो ट्रेस' नावाचं प्लगिन आहे, ते टाकून घ्या. एखाद्या ओढ्यावर क्लिक केलं की त्याच्या खालच्या अंगाच्या सगळ्या रेषा निवडल्या जातात. तुमच्या कादवेच्या खोऱ्यातला करंजवणच्या वरचा कुठलाही ओहोळ घेतला, तर निवड करंजवण, पालखेड करत नांदूरमधमेश्वरला गोदावरीत उतरली पाहिजे. मध्येच थांबली, उलटी चढली किंवा भलतीकडे वळली, तर तिथे तुमची चूक बसली आहे.

या भलतीकडे वळण्यात माझी एकदा चांगलीच फजिती झाली. निफाड तालुक्यातले ओढे काढले होते, पालखेडचा डावा कालवाही काढला होता. रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे नोड, म्हणजे दोघींना जोडणारा बिंदू हवा, एवढं अर्धं ज्ञान होतं. मग ग्रास या दुसऱ्या नकाशा-सॉफ्टवेअरचं 'ब्रेक' टूल सगळ्या थरावर फिरवलं आणि प्रत्येक छेदाला नोड पाडून मोकळा झालो. टोपोलॉजी चेकर, म्हणजे रेषांचे जोड तपासणारं टूल, त्यात एकही एरर नाही. खूश होऊन एका ओढ्यात पाणी सोडलं, तर ते गोदावरीत जायच्या ऐवजी कालव्यात शिरलं आणि थेट येवल्याकडे निघालं. पैठणी घेऊनच परत येणार होतं बहुतेक! प्रत्यक्षात तिथे कालवा वरून जातो आणि ओढा खालच्या मोरीतून. दोघांचं पाणी एकमेकांना शिवतसुद्धा नाही. कालवा आणि ओढा एकमेकांवरून जातात तिथे नोड नको, पातळी वेगळी दाखवायची. ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चढवणार असाल तर तिथे यासाठी लेयर, ब्रिज आणि टनेल हे टॅग आहेतच. कालव्याला नोड लागतो तो जिथून चारी फुटते किंवा जिथे सांडव्याचं पाणी खरोखर ओढ्यात सोडलेलं असतं तिथे. त्या दिवसापासून मी कालव्यांचा थर वेगळा ठेवतो आणि प्रत्येक छेद हाताने बघतो. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

दुसरी तपासणी टोकांची. टोपोलॉजी चेकरमध्ये 'डँगल' म्हणजे मोकळं टोक शोधायचा नियम असतो. तो लावला की शेकडो लाल ठिपके येतात आणि माणूस घाबरून चेकर बंद करतो. घाबरायचं कारण नाही. नदीच्या जाळ्यात मोकळी टोकं असणारच, कारण प्रत्येक उगम हे मोकळं टोकच आहे. हिशेब साधा आहे: जेवढे उगम तेवढी टोकं, आणि खाली बाहेर पडायचं एक. त्याहून जास्त निघाली तर कुठेतरी संगम जुळलेला नाही. असे संगम एरवी दिसत नाहीत. टाकळीला नासर्डी गोदावरीला मिळते ती जागा मी काढली होती. साध्या झूमला अगदी चिकटलेली दिसायची. जवळ जाऊन 1:50 ला पाहिलं, तर नासर्डीचं टोक गोदावरीच्या रेषेपासून वीतभर अलीकडे थांबलेलं. स्नॅपिंग, म्हणजे रेषेचं टोक जवळच्या रेषेला आपोआप चिकटवायची सोय, चालू न करता काढलं की हे होणार. काढायला बसण्याआधी स्नॅपिंग चालू करा, म्हणजे निम्मी डोकेदुखी जन्मालाच येत नाही.

दिशेचंही तसंच. रेषा नेहमी उगमाकडून खाली काढायची, कारण ज्या क्रमाने तुम्ही क्लिक करता तीच पाण्याची दिशा धरली जाते. घाईत आपण संगमापासून वर चढत जातो, कारण संगम ठळक दिसतो आणि उगम शोधावा लागतो. रेषांना बाणाची खूण लावली की उलटे ओढे लगेच दिसतात. शिवाय दोन्ही टोकांची उंची डीईएमवरून, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशावरून, काढून ताडून बघा, वरचं टोक खरंच वर आहे ना. फक्त निफाडच्या सपाटीवर या उंचीवर फार विसंबू नका. एसआरटीएम नावाच्या डीईएमचा डेटा फेब्रुवारी 2000 मध्ये अवकाशयानातून 11 दिवसांत टिपलेला आहे आणि त्यातला एक चौकोन साधारण 30 मीटरचा. सपाट रानात दोन-तीन मीटरचा फरक हा उतार आहे की नुसता गोंधळ, हे त्यावरून कळत नाही.

याच डीईएमवरून आपोआप ओढे काढायची पद्धत आहे, तिचा मोह तुम्हाला होईलच. डोंगराळ भागात ती झकास चालते. पण धरणाच्या पाण्यावर उंची सगळीकडे सारखीच, त्यामुळे तिथे कंगव्याने भांग पाडल्यासारख्या सरळ समांतर रेषा येतात. त्या पुसा आणि जलाशयाच्या मधून एक जोडरेषा हाताने काढा, नाहीतर नदी धरणाच्या एका काठाला संपते आणि भिंतीखाली नव्याने जन्माला येते. रस्त्याचे भरावही डीईएमला बंधाऱ्यासारखे दिसतात. खालची मोरी त्याला दिसतच नाही.

पश्चिमेकडे पेठच्या अंगाला गेलात तर आणखी एक गोष्ट: पाणलोटाची सीमा आधी काढून ठेवा. सह्याद्रीच्या माथ्यावरून पलीकडचं पाणी अरबी समुद्राला जातं, अलीकडचं गोदावरीतून 1465 किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला. तुमची एखादी रेषा ती सीमा ओलांडत असेल तर ती चूकच, वाद घालायची गरज नाही.

आता नाशिककरांच्या नशिबी खास आलेला एक घोळ. सर्वे ऑफ इंडियाच्या टोपोशीटची, म्हणजे सविस्तर नकाशांच्या तुकड्यांची, विभागणी अंशांवर होते, आणि 20 अंश अक्षांशाची रेषा बरोबर आपल्या शहरातून जाते. म्हणजे पंचवटी 46 एच मध्ये आणि नाशिकरोड 47 ई मध्ये. गोदावरी त्र्यंबककडून निघते तेव्हा दक्षिणेकडच्या शीटवर असते, गंगापूर धरणापर्यंत ती उत्तरेकडच्या शीटवर गेलेली असते. जुन्या शीटवरून काढलेल्या डेटात या कडेवर ओढे तुटलेले, बाजूला सरकलेले, कधी एका शीटवर आहेत आणि दुसऱ्यावर नाहीत असे सापडतात. दोन शीटांची पाहणी वेगळ्या वर्षी झालेली असू शकते, आणि जिओरेफरन्सिंगमध्ये, म्हणजे शीट संगणकावर तिच्या खऱ्या जागी बसवताना, आपणही थोडं सरकवलेलं असतं. दिंडोरी पूर्ण उत्तरेला आहे, तुम्ही बहुतेक सुटलात. पण शीटच्या कडा दर 15 मिनिटांवर असतात, त्या सगळ्या एकदा डोळ्याखालून घाला.

एवढं झाल्यावर संगणक बंद करा आणि गाडीला किक मारा. उपग्रहचित्रं बहुतेक कोरड्या महिन्यांतली असतात आणि मे महिन्यातला ओढा वरून बैलगाडीच्या वाटेसारखाच दिसतो. शहरात तर वेगळीच कथा. सरस्वती नाला वरून बघून सापडणारच नाही, तो स्लॅबखाली आहे. पण मोठा पाऊस झाला की सराफ बाजारात पाणी शिरतं तेव्हा तो कुठे आहे ते सगळ्यांना कळतं. अशी रेषा गाळायची नाही, 'भूमिगत' अशी नोंद करून चालू ठेवायची.

निफाडजवळ एका ठिकाणी टोपोशीटवर ओढा होता आणि चित्रात सलग द्राक्षबाग. मी रेषा पुसणार होतो, मग म्हटलं जाऊन तर बघू. बागेत एक आजोबा होते. विचारलं, "बाबा, इथून ओढा जायचा का हो?" म्हणाले, "जायचा की. आमच्या वडलांनी बुजवला." मी म्हटलं, "मग पावसाळ्यात पाणी कुठून जातं?" ते मला आत घेऊन गेले. चौथ्या ओळीतले मांडवाचे अँगल सगळे एकाच बाजूला कललेले होते, आणि बुंध्याशी माती धुपून मुळं उघडी पडलेली. "इथूनच जातं, दर साली." मी ती रेषा ठेवली. प्रकार 'बुजवलेला', शेरा 'पावसाळी प्रवाह चालू'.

नावांबद्दल थोडक्यात: एकाच प्रवाहाला दोन-दोन नावं असतात. नासर्डी म्हणजेच नंदिनी, वाघाडी म्हणजेच वरुणा. एक मुख्य रकान्यात, दुसरं पर्यायी नावाच्या रकान्यात. तिरकी रेघ देऊन एकाच रकान्यात दोन्ही कोंबू नका, पुढे शोधताना रडाल. आणि गूगलच्या चित्रावरून काढलेल्या रेषा ओपनस्ट्रीटमॅपवर चढवू नका, परवानगी नाही. बिंगचं चित्र तिथे चालतं.

सरांकडे जाताना प्रिंट काढून नेऊ नका, लॅपटॉप न्या. त्यांनाच म्हणा, "सर, कुठलाही ओढा निवडा," आणि त्यांच्यासमोर पाणी सोडा. अर्थात, आदल्या रात्री घरी सगळ्या ओढ्यांत एकदा सोडून बघितलेलं असू द्या.