आजींना वेड लागलं नव्हतं

"आईच्या डोक्यावर परिणाम झालाय, तुम्ही जरा समजावून सांगाल का?" म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी मुलं हे इतक्यांदा विचारतात, की माझा उलट प्रश्न ठरलेला आहे : कधीपासून?

गेल्या पावसाळ्यात आलेला मुलगा म्हणाला, "सोमवारपासून." तो दिवस गुरुवार होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आजी पंचाहत्तरीच्या. यजमान गेल्यावर उदासीचा आजार झाला, तेव्हापासून एसिटालोप्राम चालू. एरवी पेपर वाचणाऱ्या, भिशीचा हिशोब तोंडपाठ ठेवणाऱ्या. सोमवारी रात्री दोनला उठून यजमानांच्या डब्यासाठी कुकर लावायला निघाल्या. मंगळवारी सकाळी बऱ्या होत्या, दिवेलागणीला पुन्हा तेच. आठवीतल्या नातवाला त्या चोर म्हणाल्या. बुधवारी रुग्णालयात नेलं, तर तिथल्या डॉक्टरांनी फाइलवरचं मानसोपचाराचं निदान वाचलं आणि जुनंच दुखणं उलटलंय म्हणत झोपेची गोळी दिली. नेहमीचे मानसोपचारतज्ज्ञ परगावी होते, म्हणून मंडळी माझ्याकडे.

आजी मान खाली घालून पदरावरून काहीतरी वेचून बाजूला टाकत होत्या.

"काय करताय आजी?"

"मेथी निवडतेय गं."

रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगितले. "रविवार, शनिवार..." म्हणाल्या आणि हात पुन्हा पदराकडे. मग बसल्या बसल्या डोळा लागला.

उदासी अशी रातोरात येत नाही. नेहमीचा स्मृतिभ्रंशही हळूहळू, महिनोन् महिने वाढत जातो. दोन-चार दिवसांत माणूस पार बदलतं, सकाळी एक आणि रात्री वेगळंच, लक्ष कशावरच टिकत नाही, तेव्हा डेलिरियमची, म्हणजे अचानक आलेल्या भ्रमाची, शंका घ्यायची. त्याचं कारण बहुतेकदा शरीरात सापडतं. लघवीचा संसर्ग (या वयात ताप न येताही होतो), तुंबलेली लघवी, न्यूमोनिया, साधी बद्धकोष्ठता, पडून डोक्याला लागलेला मार. काही वेळा दुकानातून आणलेली सर्दीची गोळीसुद्धा. आणि सगळेच बरळतात असं नाही. काही जण नुसते गप्प पडून राहतात, घरचे म्हणतात थकलेत.

सुनेला औषधांची पिशवी ओतायला लावली. एक पाकीट नवं होतं : रक्तदाबासाठी तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालेली, लघवी वाढवणारी गोळी. म्हटलं, समुपदेशन राहू द्या, आत्ताच्या आत्ता फिजिशियनकडे जा. बदल कधीपासून, कसा चढउतार होतो, कोणती गोळी नवी, एवढं चिठ्ठीत लिहून दिलं.

रक्तातलं सोडियम निघालं 119. हवं 135 ते 145. उदासीची आणि लघवी वाढवणारी, या दोन्ही प्रकारच्या गोळ्या सोडियम उतरवू शकतात, म्हाताऱ्या बायकांमध्ये जास्तच. ते वर आणायचं तेही बेताबेतानं, घाईनं चढवलं तर मेंदूला इजा होते. म्हणून आजी काही दिवस आयसीयूत राहिल्या.

मला राग येतो तो फाइलचा. तिच्यावर एकदा मानसिक आजार लिहिला गेला, की पोटात दुखलं तरी ते मनाचंच ठरतं. न बोलणारं स्वमग्न मूल अचानक डोकं आपटायला लागलं, तर "वागणंच तसं आहे" म्हणून गोळी वाढवून मिळते, दात किंवा कान कोणी बघत नाही.

सोडियम सुधारलं तरी डोकं लगेच लख्ख होत नाही, कधी आठवडेही जातात. आजींना चष्मा आणि कानाचं यंत्र लावून ठेवा, दिवसा खिडकी उघडी, रात्री मंद दिवा, जवळ घरचं माणूस, असं सांगितलं. कुकरवरून वाद घालायचा नाही. नातू आजीच्या खोलीत जाईना. त्याला वेगळं बसवून सांगितलं, की रक्तातलं मीठ उतरलं होतं, आजीच्या मनात तुझ्याबद्दल असं काही नाही. त्यानं विचारलं, "मग तिला आठवेल का, ती मला काय म्हणाली ते?" काहींना आठवतं, म्हटलं. आठवलं तर तिलाच जास्त वाईट वाटेल.

सुनेचा प्रश्न व्यवहारी होता : उदासीची गोळी आता बंदच करून टाकू का? मनानं अजिबात नाही. मानसोपचारतज्ज्ञ परतल्यावर त्यांनी त्या गोळीऐवजी मिर्टाझापिन सुरू केलं, त्यात सोडियम उतरण्याचा धोका कमी असतो. रक्तदाबाची गोळी फिजिशियननी आधीच बदलली होती. दोन आठवड्यांनी सोडियम पुन्हा तपासायचं ठरलं.