‘नाही वाचत, काय करता?’

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावी आठवीला इंग्रजी शिकवते. मूळची पुण्याची. मागच्या बाकावरची चार पोरं रोज अडवतात. वाचायला उठवलं की त्यातला एक सरळ म्हणतो, ‘नाही वाचत, काय करता?’ अख्खा वर्ग हसतो. वर्गाबाहेर काढलं, हेडमास्तरांकडे पाठवलं, वडिलांना बोलावलं. ढिम्म फरक नाही.

उत्तर : मॅडम, आधी त्याला खरंच वाचता येतं का ते पाहा. शाळा सुटल्यावर एकेकट्याला बोलवा आणि चौथी-पाचवीच्या पुस्तकातल्या पाच ओळी वाचायला द्या. दर ओळीला दोन-तीन ठिकाणी अडला, तर आठवीचा धडा त्याच्या आवाक्यातला नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणून पोराच्या गाठीला सात वर्षांचं इंग्रजी असेल असं धरू नका. देवनागरीत अक्षर दिसलं की उच्चार ठरला. इंग्रजीत ‘पुट’ आणि ‘बट’ एकाच स्वराने लिहितात. चारचौघांत, त्यातही मुलींसमोर, ‘बट’ला ‘पुट’ म्हणण्यापेक्षा मास्तरणीशी भांडलेलं त्याला परवडतं. भांडणात निदान वट राहते.

तेव्हा वट न जाता वाचता येईल अशी सोय करा. पहिले तीन आठवडे कोणालाही एकट्याने उभं करून वाचायला लावू नका. तुम्ही एक वाक्य वाचा, पाठोपाठ सगळा वर्ग. मग बाकावरच्या जोडीने हळू आवाजात पाच मिनिटं. त्यानंतर एक रांग. एकट्याची पाळी चौथ्या आठवड्यात आणि तीही आदल्या दिवशी सांगून : ‘उद्या तुझ्याकडे ह्या दोन ओळी.’ घरी घोकून आला तरी चालेल.

एवढं करूनही तो उलटलाच, तर फळ्याजवळून नाव घेऊन ओरडू नका. तिथून बोललेलं सगळा वर्ग ऐकतो आणि मग त्याला उत्तर द्यावंच लागतं. चालत बाकाशी जा, बाजूला उभं राहून हळू सांगा : ‘दोन ओळी आत्ता जोडीदाराबरोबर वाच, नाहीतर सुटीत माझ्याजवळ.’ एवढं बोलून पाठ फिरवा आणि दुसऱ्या बाकाकडे जा. इथेच बहुतेकांचं चुकतं. शिक्षक तिथेच उभा राहून वाट पाहतो आणि पोराला माघार घ्यायला जागा उरत नाही. सुटीत आला नाही तर त्याच दिवशी गाठा. अपडाउन करणाऱ्याची बस किती वाजता आहे, हे पोरांना तोंडपाठ असतं. ‘उद्या बघते’ म्हटलं की सुटलो, हे त्यांनी ओळखलेलं असतं.

वर्गाबाहेर काढणं आजपासून बंद. बाहेर कडुलिंबाची सावली आहे आणि वाचनही टळतं. त्याला तेच हवं होतं. हेडमास्तरांकडे दर आठवड्याला पाठवलं तर ‘मॅडमच्यानं होत नाही’ एवढंच पोरं शिकतात. छडीचा प्रश्नच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ प्रमाणे मारणंही बंद आणि मानसिक छळही. ‘तुझ्या बापानं तरी कधी इंग्रजी पाहिलंय का’ हे वाक्य दुसऱ्यात मोडतं. आणि तसं बोलल्यावर ते पोर वर्षभर हाती लागत नाही.

तुम्ही पुण्याच्या, म्हणून आणखी एक. त्यांची वऱ्हाडी दुरुस्त करत बसू नका. ‘मॅडम, हा मले मारून राहिला’ हे वाक्य तुम्ही दिवसातून चारदा ऐकत असाल. ‘मले नाही, मला’ असं सांगण्याऐवजी ते फळ्यावर लिहा आणि खाली ‘ही इज हिटिंग मी’. चालू काळ शिकवायला यापरीस सोपी वाट नाही : ‘जेवून राहिला’, ‘इज ईटिंग’; ‘खेळून राहिली’, ‘इज प्लेइंग’. ‘मारत आहे’ हा पुस्तकी मुक्काम मध्ये घेतला की एका वाक्याचं दोनदा भाषांतर होतं. जो पोरगा वाक्य पुरवेल त्यालाच खडू द्या.

दिवाळीनंतर कापूस वेचायला गेलेली पोरं परततात तेव्हा उर्मटपणा वाढलेला दिसेल. मधले धडे हुकलेले असतात. पहिले तीन दिवस त्यांना प्रश्न विचारू नका. जोडीदाराच्या वहीवरून रोज दहा शब्द उतरवू द्या.

प्रश्न : मी धारणी तालुक्यात आश्रमशाळेवर आहे, गाव कोल्हापूरकडचं. सहावीची मुलं इंग्रजीत काही विचारलं की खाली मान घालून गप्प. मराठीत समजावलं तरी तेच. हा हट्ट म्हणायचा का?

उत्तर : बहुधा नाही, सर. घरी कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी आणि वर इंग्रजी. कोरकू मुंडा कुळातली, संथाळीच्या नात्यातली. मराठीशी तिचं नातं नाही. तुम्ही एक परकी भाषा दुसऱ्या परक्या भाषेतून समजावताय. पडताळा सोपा आहे. ‘शट द डोअर’ नुसतं तोंडाने सांगा. मग तेच हाताने दाराकडे दाखवून सांगा. दाखवल्यावर मूल उठलं, तर अडचण भाषेची. पहिला महिना रोज पाचच आज्ञा घ्या, त्या स्वतः करून दाखवा, उत्तर कृतीतून घ्या, तोंडी मागू नका. दोन्ही भाषा येणाऱ्या आठवीतल्या मुलीला आठवड्यातून दोनदा वर्गात बसवा. दाखवल्यावरही जो उठत नाही त्याच्याशी वेगळं बोला, आणि तेव्हाही ती मुलगी जवळ असू द्या.